आठवीनंतरचं तेल

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलाच्या खिचडीत किती तेल पडावं, हे सरकारने ठरवून दिलंय. ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला साडेसात ग्रॅम, सोबत तांदूळ १५०, डाळ ३० आणि भाज्या ७५ ग्रॅम. प्रत्यक्षात पातेल्यात काय पडतं हा वेगळा विषय, पण निदान कागदावर आकडा आहे. आमच्या हर्सूलला मध्यवर्ती कारागृह आहे. कैद्यांचा आहारसुद्धा तुरुंगाच्या नियमांत ग्रॅमवारी लिहिलेला असतो. म्हणजे आठवीपर्यंतचं पोर आणि कैदी, या दोघांच्या ताटाची सरकारला काळजी. मधल्यांचं काय? नववीला गेलं की शालेय पोषण आहार संपतो आणि पोरगं टपरीच्या हवाली होतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, वाढतं वय आहे, दगड खाल्ले तरी पचतात. पचतात हो. प्रश्न पोटाचा नाहीच आहे, डोक्याचा आहे.

फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक साधा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदरांना आईचं दूध तुटल्यापासून भरपूर चरबीचं खाणं दिलं, काहींना तेच खाणं तितकाच काळ, पण मोठेपणी दिलं. घोळ झाला तो फक्त पहिल्या गटात. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावून लक्षात ठेवणं त्यांना जमेना आणि हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होण्याचं प्रमाणही घटलं. (हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला तो भाग, जो नवी आठवण नोंदवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसचा इंडेक्स. इंडेक्स बिघडला तर डेटा असूनही क्वेरी लटकते.)

मग २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्कॉट कनोस्की यांच्या प्रयोगशाळेतून ॲना हेज आणि सहकाऱ्यांचं काम आलं. उंदरांना वयाच्या २६व्या ते ५६व्या दिवसापर्यंत, म्हणजे त्यांच्या 'टीनएज'मध्ये, चिप्स, चॉकलेट, चरबी-साखरेचं खाद्य आणि गोड पाणी असा बेत. नंतर महिनाभर शहाण्यासारखं साधं खाणं. मग परीक्षा. आधी काही वस्तू बघायला दिल्या, काही दिवसांनी तीच मांडणी पुन्हा, त्यात एकच वस्तू नवी. साधं खाऊन वाढलेला उंदीर जुन्या वस्तू ओळखतो आणि नवीकडे जातो. चिप्सवाल्याला सगळंच सारखं. मेंदूत पाहिलं तर ॲसिटिलकोलीन या रसायनाचा सिग्नल कमजोर झालेला. अल्झायमरच्या रुग्णांत जे कमी पडतं, तेच हे रसायन. त्या सिग्नलला चालना देणारं औषध थेट हिप्पोकॅम्पसमध्ये टोचलं तेव्हा स्मरणशक्ती परत आली. म्हणून कुणी मेडिकलमध्ये गोळी मागायला जाऊ नका :)

उंदीर वेगळा, माणूस वेगळा, हे मान्यच. शिवाय दुसऱ्या प्रयोगात चरबी आणि साखर एकत्र होती, त्यामुळे दोष नेमका कुणाच्या माथी मारायचा हे त्यातून ठरत नाही. आणि गंमत म्हणजे बोर्दोच्याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं, की पौगंडावस्थेत चरबी खाल्लेल्या उंदरांना मोठेपणी साध्या आहारावर आणलं तर बिघाड सुधारतो. कॅलिफोर्नियात सुधारला नाही, बोर्दोत सुधारला. मी तरी बोर्दोच्या भरवशावर जुगार खेळणार नाही.

माणसांवरचा प्रयोगही आहे. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठात ११० तडतडीत, सडपातळ तरुण घेतले. त्यातल्या काहींना आठवडाभर वॉफल्स आणि फास्ट फूड असा आहार दिला. एका आठवड्यात त्यांचं शिकण्या-आठवण्याच्या चाचणीतलं काम घसरलं. दुसरी गोष्ट मला जास्त भीतीदायक वाटली. पोट भरलेलं असतानाही चिप्स-चॉकलेट समोर आलं की त्यांना ते जास्त हवंसं वाटायला लागलं. 'आता पुरे' सांगायच्या कामातही हिप्पोकॅम्पसचा वाटा असतो, असं या संशोधकांचं म्हणणं. म्हणजे ब्रेक दाबणाऱ्याचीच झोप लागली.

इथे आपल्याकडच्या आया हमखास म्हणतात, "आमचा तर काडीपैलवान आहे, त्याला काय होतंय!" त्यांच्यासाठी पुण्याचं उदाहरण. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून बारीक, आतून चरबीदार. वजनकाट्याकडे बघून निश्चिंत होण्याची सोय आपल्याला नाही. आणि सिडनीची पोरंही बारीकच होती, हे विसरू नका.

हर्सूल टी पॉइंटला संध्याकाळी कधी उभे राहा. जळगाव रोडवरून पाठीला सॅक लावलेली पोरं येतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री अभ्यासिका. मधल्या अर्ध्या तासात वडापाव, नाहीतर मंचुरियन, वरून कोल्ड्रिंक. नीट, जेईई, एमपीएससी, सगळा खेळ लक्षात ठेवण्याचा. बाप जमीन विकून क्लासची फी भरतो आणि पोरगं रोज वीस-तीस रुपयांत... असो. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. सात वाजता भूक लागते, आणि त्या पैशात त्या चौकात तळलेलंच मिळतं.

नियम आहेत. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, कोल्ड्रिंक हद्दपार केलं. २०२० मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असले पदार्थ विकायला बंदी घातली. अंमलबजावणीचं सोडा, नियमाची भाषाच शाळेच्या फाटकाची आहे. अकरावीचं पोरगं संध्याकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी कुठे असतं?

तेलाचं नाव काढलं की घरी एकदम उकडलेल्या भाज्या सुरू करणारे महाभाग असतात, मी त्यांच्यातला नाही. मेंदूच्या कोरड्या वजनात निम्म्याहून जास्त चरबीच असते, ती काही शत्रू नव्हे. मराठवाडा करडईचा मुलूख, परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी कुसुम'सारखं वाण दिलंय. भाकरीवर करडईचं तेल आणि जवसाची चटणी हे आमच्या आजीचं रोजचं जेवण. जवसात ओमेगा-३ असतं हे तिला माहीत नव्हतं, तिला फक्त चव माहीत होती. मोठेपणी कधीमधी नान खलिया खाऊन कुणाची बुद्धी जात नाही. रोजच्या रोज, पंधरा ते वीसच्या वयात, तळलेलं आणि गोड एकत्र, माझा आक्षेप तेवढ्यालाच आहे.

माझं म्हणणं क्लासवाल्यांना आहे. एसी आहे, बायोमेट्रिक आहे, सीसीटीव्ही आहे, टॉपर्सचे फ्लेक्स आहेत. मग संध्याकाळी सातला शेंगदाणे-गूळ, उसळ, दोन भाकऱ्या देणारा एक बचत गट का नाही? हर्सूल-सावंगीकडच्या कितीतरी बायका हे काम आनंदाने करतील. लाखभर फीमध्ये रोजचे तीस रुपये बसवायचे, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ हजार होतात. फ्लेक्सवर तेवढे जातच असतील.