शेंगदाणा श्वासनलिकेत जातो तेव्हा

लोणावळ्याला येऊन चिक्की न घेता परत जाणारा पाहुणा विरळाच. शनिवार-रविवारी बाजारपेठेत पाऊल ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात तर भुशी धरणावरून ओल्या कपड्यांनी परतलेली कुटुंबेच्या कुटुंबे दुकानांसमोर दाटीने उभी असतात. दुकानदार अगत्यशील. ‘चव तर बघा’ म्हणत तो एकेक तुकडा सर्वांच्या हातावर ठेवतो. वडिलांच्या कडेवर बसलेल्या दीड वर्षाच्या बाळाच्या मुठीतही एक तुकडा जातो. त्या शेवटच्या तुकड्याविषयी आज लिहायचे आहे.

चिक्कीवर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. गूळ आणि शेंगदाणा यांच्याइतका स्वस्त व पौष्टिक खाऊ सापडणे कठीण. बोरघाटातील रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्या कामावर राबणाऱ्या मजुरांना गुडदाणी विकता विकता आपल्या गावची चिक्की जन्माला आली, असे जुनी माणसे सांगतात. शाळकरी मुलांनी, मोठ्यांनी ती जरूर खावी. माझे म्हणणे फक्त पाच वर्षांखालील मुलांपुरते, आणि तेही अख्ख्या किंवा अर्ध्या दाण्यापुरते आहे.

मुलाला पुढचे दात आधी येतात, दाढा मागाहून. दुधाच्या सगळ्या दाढा येईपर्यंत अडीच-तीन वर्षे जातात, आणि त्या आल्यावरही नीट चावून गिळण्याची सवय अंगी लागायला आणखी वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर मूल पुढच्या दातांनी चिक्की तोडते, गूळ चोखून टाकते आणि सुटा झालेला दाणा तोंडात घोळवत बसते. अशात ते हसले, रडले, धावताना पडले किंवा घाटातल्या वळणावर गाडीला हिसका बसला, की श्वास एकदम आत ओढला जातो. दाणाही त्याच्याबरोबर आत जातो. अन्नाची आणि हवेची वाट घशात अगदी शेजारी शेजारी असते. मोठ्या माणसाला नुसता ठसका लागून भागते. बाळाची श्वासनलिका इतकी अरुंद असते की एका दाण्याने ती बंद होऊ शकते.

दाणा वरच, स्वरयंत्रापाशी अडकला तर प्रश्न मिनिटांचा असतो. हवा पूर्ण बंद झाली की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. इथे लोकांचा एक मोठा गैरसमज आड येतो. जीव गुदमरलेले मूल ओरडेल, खोकेल, आपल्याला कळेलच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आवाज निघायला हवा लागते, आणि नेमकी तीच नसते. मूल मुके होते, डोळे विस्फारते, हात घशाकडे नेते, ओठ निळे पडू लागतात. मागच्या सीटवर हे घडत असताना पुढे बसलेल्या आईवडिलांना पत्ताही लागत नाही.

यावरून एक गोष्ट आठवली. आमच्या ओळखीच्या एका घरची दहा वर्षांची मुलगी तिचा पाळलेला गिनीपिग टोपलीत घालून दवाखान्यात घेऊन आली. ‘डॉक्टरकाका, हा सकाळपासून शीळ घालत नाही आणि तोंड उघडून श्वास घेतोय,’ म्हणाली. गिनीपिग नाकाने श्वास घेणारा प्राणी. त्याने तोंड उघडले, बरगड्या भात्यासारख्या हलू लागल्या, की समजावे काम गंभीर आहे. त्याला उलटीही करता येत नाही. मी माणसांचा डॉक्टर. घशाखाली पाणी ओतू नको, घरातली कसलीही गोळी देऊ नको, एवढे सांगून तिला तातडीने जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले. पण पोरीचे निरीक्षण मला फार आवडले. प्राण्याचा आवाज बंद झाला म्हणून ती घाबरली होती. बाळाच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. रडणे थांबले की आपल्याला हायसे वाटते.

आता करायचे काय? मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल तर हवा चालू आहे. त्याला खोकू द्यावे. पाठीत धपाटे घालू नयेत, पाणी पाजू नये, फक्त जवळ बसून डोळ्यांत तेल घालून बघावे. खोकला क्षीण झाला, आवाज बंद झाला, की मात्र क्षणाचाही उशीर नको. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने कामाला लागावे. वर्षाच्या आतले बाळ असेल तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे, डोके धडापेक्षा खाली, जबडा हातात धरलेला, गळा मोकळा. मग तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाच जोरदार थापा द्याव्यात. दाणा पडला नाही तर उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताच्या त्याच भागाने पाच वेळा दाबावे. पुन्हा पाठ, पुन्हा छाती. एवढ्या लहान बाळाचे पोट कधीही दाबू नये, यकृताला इजा होते.

वर्षापेक्षा मोठ्या मुलाला पुढे वाकवून, छातीला हाताचा आधार देऊन तशाच पाच थापा द्याव्यात. उपयोग झाला नाही तर त्याच्या मागे गुडघ्यांवर बसून त्याला कवेत घ्यावे. एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली ठेवून तिच्यावर दुसरा हात धरावा, आणि आत व वर असा पाच वेळा झटका द्यावा. पोट दाबण्याची ही युक्ती हाइमलिक नावाच्या अमेरिकन सर्जनने १९७४ साली मांडली. मोठ्या माणसांनाही हीच लागू, फक्त गरोदर बाईचे पोट न दाबता छाती दाबावी. वस्तू बाहेर पडेपर्यंत किंवा मूल शुद्ध हरपेपर्यंत हे आळीपाळीने चालू ठेवावे. शुद्ध हरपली तर कठीण जमिनीवर उताणे निजवून छाती दाबायला सुरुवात करावी, तीस वेळा दाबून दोन श्वास तोंडाने द्यावेत, श्वास देण्यापूर्वी दर वेळी तोंडात डोकावावे. दाणा दिसला तरच काढावा. आणि ज्याचे पोट दाबले आहे त्या मुलाला नंतर बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

न दिसणारी वस्तू चाचपण्यासाठी घशात बोट घालणे हा आपल्याकडचा सर्वात घातक उपाय. वर अडकलेला दाणा त्याने खाली ठासला जातो. भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देणे त्याच जातीचे. टाळूवर थापटणे, ‘वर बघ, चिमणी बघ’ म्हणणे, कुणीतरी आठवण काढली म्हणून हसणे, हे साध्या ठसक्याला ठीक आहे. हवा बंद झालेल्या मुलाच्या बाबतीत त्यात मोलाची मिनिटे जातात. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे आणि तिने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. पण सुट्टीच्या दिवशी घाटात गाड्यांची रांग लागलेली असताना चार मिनिटांत ती कुठून पोचणार? तिथे जो शेजारी असेल तोच डॉक्टर.

दाणा स्वरयंत्र ओलांडून खाली उतरला तर गोष्ट वेगळीच होते, आणि माझ्या मते जास्त फसवी. पवन मावळातल्या एका वाडीवरून आजी अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन आली होती. तीन आठवडे खोकला, मधूनमधून ताप. दोन ठिकाणी औषधे झाली होती. एकाने न्यूमोनिया म्हटले, दुसऱ्याने बालदमा म्हणून पंप दिला. छातीला नळी लावली तर डावीकडे श्वास खणखणीत आणि उजवीकडे अगदी मंद. दम्याची शीळ सहसा दोन्हीकडे ऐकू येते. आजीला विचारले, खोकला लागला त्या दिवशी पोर काय खात होते? तिने बराच वेळ आठवले. कार्ल्याच्या एकवीरेच्या दर्शनाहून परतताना चिक्की खात होता, एकदम ठसका लागला, जीव घाबरा झाला, मग आपोआप थांबला. म्हणून कुणी मनावर घेतले नाही. पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात भूल देऊन दुर्बिणीतून उजव्या फुप्फुसाच्या नळीतला अर्धा दाणा काढला. दोन दिवसांत पोर घरी आले.

आजीची चूक नव्हती. ठसका थांबला म्हणजे संकट टळले, असे कुणालाही वाटेल. उजवी नळी डावीपेक्षा रुंद आणि सरळ असल्याने दाणा बहुधा तिकडे घरंगळतो. तिथे तो ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीचे अस्तर सुजते, पुढच्या भागात पू होतो. नाणे एक्स-रेत दिसते, शेंगदाणा दिसत नाही, त्यामुळे ‘फोटो स्वच्छ आहे’ या वाक्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून खाताना किंवा खेळताना अचानक ठसका लागून मूल कासावीस झाले असेल, तर नंतर ते हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी दाखवावे. आणि डॉक्टरांना ठसक्याची हकीगत आपण होऊन सांगावी. घाईत ते विचारायचे राहून जाते.

दुर्बिणीची ही विद्या नवी नाही. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा असाच काढला होता. अमेरिकेतील शेव्हालियर जॅक्सन यांनी रुग्णांच्या श्वासमार्गातून व अन्नमार्गातून काढलेल्या २३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. टाचण्या, नाणी, बटणे, काय वाटेल ते. आपल्या भागातली यादी केली तर तीत फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, मक्याचे दाणे आणि मे महिन्यात द्रोणातून मिळणाऱ्या जांभळांच्या बिया नक्की येतील.

घरच्यांनी करण्यासारखे सोपे आहे. शेंगदाण्याचे बारीक कूट आमटीत, भाजीत, गुळाबरोबर मऊ लाडवात द्यावे, मूल धष्टपुष्ट होईल. मुलाला बसवून भरवावे, पळताना किंवा चालत्या गाडीत नाही. पण मला आज घरच्यांपेक्षा दुकानदारांशी बोलायचे आहे. चिक्कीच्या पुडक्यावर वजन, किंमत, तारीख, घटक सगळे असते. लहान मुलांविषयी एक ओळ मात्र मी पाहिलेल्या पुडक्यांवर मला आढळली नाही. २०१५ साली अंगणवाड्यांच्या चिक्कीखरेदीवरून राज्यभर गदारोळ झाला. भाव, कंत्राट आणि दर्जा यांवर रकानेच्या रकाने भरून आले. ती चिक्की खाणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला ती चावता येते का, हा प्रश्न मी वाचल्याचे मला आठवत नाही.

एका दुकानदार मित्राकडे विषय काढला तर तो म्हणाला, ‘डॉक्टर, असे छापले तर गिऱ्हाईक घाबरेल.’ मला तसे वाटत नाही. आजोबा मोठ्यांसाठी दाण्याची चिक्की घेतील आणि दोन वर्षांच्या नातीसाठी त्याच दुकानातून मऊ फज घेतील. विक्री उलट वाढेल. ‘पाच वर्षांखालील मुलांना अख्ख्या दाण्याची चिक्की देऊ नये’ एवढी ओळ मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पुडक्यावर छापावी. ती छापून होईपर्यंत दुकानात हाताने लिहिलेली पाटी चालेल, आणि चव दाखवण्याचा तुकडा बाळाच्या हातात न देता आईच्या हातात द्यावा. वर सांगितलेल्या थापा शिकायला अर्धा तास आणि एक बाहुली पुरते. बाजारपेठेतले दुकानदार, हॉटेलातली मुले आणि अंगणवाडीच्या सेविका एकत्र येणार असतील तर बाहुली माझ्या दवाखान्यात तयार आहे. गुरुवारी दुपारी दवाखाना बंद असतो, तो वेळ मोकळा आहे.