यंदाच्या माझ्या शांपेना

माझा एक पुतण्या मुंबईत मोठ्या हुद्द्यावर आहे. दर दिवाळीला तो मुरबाडला आमच्याकडे येतो आणि फराळ आटोपला की वर्षभरात घेतलेल्या स्मरणीय शांपेनांची यादी वाचून दाखवतो. कोणती बाटली कुठे उघडली, बुडबुडे बारीक होते की ढोबळ, पहिल्या घोटाला सफरचंदाचा वास आला की भाजलेल्या पावाचा, हे तो इतक्या तन्मयतेने सांगतो की आमची सौभाग्यवती हातातली चकली हातातच धरून ऐकत बसते. यंदा मात्र मी ठरवले आहे की त्याच्या आधी माझीच यादी वाचकांपुढे ठेवायची. शाळामास्तराची यादी ती. दोनच कलमांची आहे.

कलम पहिले. गेल्या ३१ डिसेंबरची रात्र. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पुतण्याच्या एका मित्राचे फार्महाऊस आहे. बारा वाजले, बूच उडाले, टाळ्या पडल्या आणि एक उंच पेला माझ्याही हाती आला. पेय गार होते, आंबूस होते, जिभेला गुदगुल्या करीत होते. खोटे कशाला बोलू? मला ते आवडले.

बाटली नाशिककडची होती. शहापूरवरून कसारा घाट चढून पलीकडे गेले की द्राक्षांचा मुलूख लागतो. फ्रान्समधल्या एका बड्या घराण्याने २०१३ साली तिथल्या द्राक्षांची 'शाँदों' बाजारात आणली. त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, माळशेज घाटाच्या पलीकडे नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने असली फसफसती वाईन बनवून 'ओमर खय्याम' या नावाने परदेशी पाठवली होती. अर्थात हिला शांपेन म्हणणे चूकच; ते नाव फ्रान्सच्या शांपेन प्रांतातल्या वाईनसाठीच राखून ठेवलेले आहे. कृती मात्र तीच. वाईन बाटलीत भरून तिच्यात पुन्हा थोडी साखर आणि किण्व घालायचे व तोंड घट्ट बंद करायचे. किण्व साखर खाते, तिचे मद्य होते आणि कोंडलेला वायू बूच निघताच बुडबुड्यांच्या रूपाने वर धावतो. एवढेच ते रहस्य!

मी पेला ठेवायला मोरीकडे गेलो. तिथे शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची बाई पेले विसळीत होती. माझ्या जुन्या शाळेत तिची पोरे शिकली. मला पाहून म्हणाली, "गुरुजी, मंगळवारी तारीख हाय. घरवाल्याची." कसली तारीख? तर घरी मोहाची दारू गाळली म्हणून झालेल्या खटल्याची. प्रत्येक तारखेला दोघांचीही मजुरी बुडते, वर गाडीभाडे पडते. हे सांगताना तिचे हात शांपेनचे पेले पुसतच होते.

कलम दुसरे. चैत्रात मी तिच्या पाड्यावर गेलो. मोहाचे फूल रात्री फुलते आणि पहाटे गळते. बायापोरे उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जमतात. गुरे आणि पाखरे येण्याआधी फुले वेचून व्हायला हवीत. पिवळसर, रसाळ, मधासारखी गोड अशी ती फुले उन्हात वाळवून वर्षभर ठेवतात, भाजून खातात, शिजवून खातात. फळातल्या बियांचे तेल काढतात. आणि हो, काही फुले भिजतही घालतात. अशाच एका मडक्याला मी कान लावला. आत फसफस चालली होती! तेच किण्व, तीच साखर, तोच वायू. फक्त इथे तो कोणी कोंडून ठेवीत नाही. पुढे ते गाळून जे निघते त्याचा अर्धा घोट मी घेतला. घसा पोळला आणि मागे फुलाचा वास राहिला.

आता माझा प्रश्न. महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो. १९४९च्या दारूबंदी कायद्याचे हे कलम आजही पुस्तकात आहे. ३१ डिसेंबरच्या त्या रात्री किती जणांच्या खिशात परवाना होता? मी पुतण्याला विचारले, तर तो हसत सुटला. "काका, तुम्ही म्हणजे अगदीच हे आहात!" माझ्याजवळही परवाना नव्हता, दोन्ही वेळा नव्हता. म्हणजे कायदा एक आणि तो मोडणारे आम्ही सारे. तारीख मात्र एकट्या त्या पाड्यावरच्या माणसाला!

हे आजचे नाही. इंग्रज सरकारने १८९२ साली खास मोहाचा कायदा केला तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठीच. दारूवरचा महसूल बुडू नये म्हणून जंगलात पडलेले फूल घरात बाळगण्यावरही पहारा बसला. फुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ साली. २०२२ साली मंत्रिमंडळाने मोहफुलांच्या आणि काजूबोंडांच्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचे ठरविले! शेकडो वर्षे आपल्या रानात उभा असलेला मोह प्रतिष्ठित व्हायचा, तर त्याने आधी परदेशी व्हायला हवे! त्याच वर्षी मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्ष शेतकऱ्यांच्या हिताचा हवाला देण्यात आला. द्राक्ष पिकवणाऱ्याचे हित असते, मग मोह वेचणारीचे नसते काय?

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही दारूची तरफदारी करता. मुळीच नाही. दारूपायी उपाशी येणारी पोरे मी वर्गात पाहिली आहेत. एखाद्या पाड्यावरच्या बायांनी भट्टी फोडली, तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. तो अधिकार त्यांचाच. पण चोरून गाळायला लावलेल्या दारूवर कोणाची नजर नसते. तिच्यात कोण काय मिसळतो हे प्रेते मोजताना कळते. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलच्या विषाने शंभरावर माणसे गेली. ती सगळी गरिबाघरची होती. उलट गोव्याने काजूच्या फेणीला नाव दिले, २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवले. आमच्या ग्रामसभांनाही परवाना द्या, तपासणी ठेवा, उत्पन्न त्यांच्या हाती राहू द्या. आणि दारू वाईटच असेल, तर ती उंच पेल्यातही वाईट आहे, असे फार्महाऊसच्या फाटकावर जाऊन सांगा. दोहोंपैकी काहीही करा; परंतु पिणाऱ्याचा खिसा पाहून पाप ठरवू नका.

पुतण्या येत्या पाडव्याला येणार आहे. यादी त्याने खुशाल वाचावी, मी ऐकेन. मात्र त्याच्या मित्राचा एक वकील आहे असे मी ऐकतो. त्या बाईची पुढची तारीख कार्तिकात आहे. यादी वाचून झाली की त्या वकिलाचा पत्ता मी मागून घेणार आहे.