घोड्याची साक्ष

घोड्याचे रक्त तपासायचे म्हटले की आमच्याकडे दोन माणसे खवळतात. एक, ज्याचे पोट घोड्यावर आहे तो. आणि दुसरा, ज्याने घोडा फक्त वरातीत पाहिला आहे तो शहाणा. "माणसे तपासायला पैसे नाहीत, आणि निघाले घोडी तपासायला!" असे हा दुसरा म्हणतो. माझे भांडण त्याच्याशी आहे.

जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल, या दोन्ही तापांचे विषाणू क्यूलेक्स डास वाहतो. भातखाचर आणि साचलेले पाणी हे त्याचे माहेर. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेने सांगली बुडवली, तेव्हा ओसरत्या पुराने मागे काय ठेवले ते सांगलीकरांना सांगायला नको. जपानी मेंदूज्वराचा विषाणू फोफावतो डुकरांत आणि बगळ्यांत. माणूस आणि घोडा नुसते बळी. त्यांच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो, की त्यांना चावलेला डास पुढे रोग नेत नाही. पण घोडा रात्रभर उघड्यावर उभा! त्याच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, तर गावात कोणता डास फिरतो आहे ते एखाद्या पोराला झटके येण्याआधी कळते. मेंदूज्वरावर नेमके औषध नाही. लस आहे, ती आधी कुठे टोचावी, हे शहाण्याने मला सांगावे.

(घोड्याच्या रक्ताचे त्याला वावडे असेल, तर साप चावल्यावर त्याने दवाखान्यात जाऊ नये. हाफकिनचे प्रतिविष घोड्याच्याच रक्तातून निघते.)

घोडेवाल्याची भीती मात्र खरी आहे. त्यांची पोरे माझ्या वर्गात बसतात. ग्लँडर्स निघाला की जनावर मारावेच लागते, हे त्यांच्या घरी सर्वांना पाठ. वेण्णा तलावावरच्या घोडेवाल्याला हा ताप निराळा आहे, यात जनावर मारत नाहीत, असे मराठीत लेखी कोणी देईल काय? तोंडी धीर देऊन सुई टोचणाऱ्या साहेबाला त्याने दारात उभे करू नये.

शिवाय दोन्ही तापांची प्रतिपिंडे एकमेकींची सोंगे घेतात. एका साध्या चाचणीवर बोंब ठोकू नये. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत होते तशी बारकाईची तपासणी हवी. आमचे फलटण-माणकडचे मेंढके पावसाळा सरला की कोकणाची वाट धरतात. बिऱ्हाड, कोंबड्या, कधी तान्हे पोरसुद्धा तट्टाच्या पाठीवर. त्या तट्टांचा एक नमुना घाट उतरण्यापूर्वी घ्यावा, दुसरा मृगाच्या तोंडावर ती परतल्यावर. पहिल्यात काही नसून दुसऱ्यात निघाले, तर डास कोकणात चावला. पहिल्यातच निघाले, तर आपल्या विहिरी-डबक्यांकडेही एकदा पाहावे लागेल.