हँडब्रेकच्या जागी कळ : प्रश्न केवळ यंत्राचा नाही

मोटार चालविणाऱ्याच्या डाव्या हाताशी असणारा हँडब्रेकचा दांडा गेल्या पाव शतकात हळूहळू नाहीसा होत चालला आहे. २००१ साली बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या ७ क्रमांकाच्या मालिकेतील मोटारीत विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक आणला, तेव्हा ती श्रीमंतांची चैन वाटली होती. आज मध्यम किमतीच्या मोटारींतही ही सोय मिळते. साहजिकच जुनी मोटार नव्याने बांधून घेणाऱ्या, किंवा आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेणाऱ्या हौशी मालकालाही ती हवीशी वाटते. दांडा काढायचा आणि त्याच्या जागी एक कळ बसवायची, एवढीच त्याची मागणी असते. दिसायला ती लहान आहे. परंतु तिच्यामागे दडलेला प्रश्न लहान नाही.

या मागणीला केवळ हौस म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. संधिवाताने ज्याची बोटे आखडली आहेत, ज्याचा एक हात अधू आहे, त्याच्या दृष्टीने दांडा जोराने ओढणे आणि कळ दाबणे यांतील अंतर म्हणजे परावलंबन आणि स्वावलंबन यांतील अंतर होय. अशा माणसाने सुधारणा मागितली, तर समाजाने त्याला मार्ग दाखवावयास हवा. तो मार्ग सुरक्षित मात्र असला पाहिजे.

सुरक्षिततेचा अर्थ येथे नेमका समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्ण भरलेली मोटार वीस टक्के चढावर किंवा उतारावर जागच्या जागी थोपवून धरता आली पाहिजे, अशी संयुक्त राष्ट्रांच्या मोटार ब्रेकविषयक नियमांची अपेक्षा आहे. वीस टक्के म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरामागे एक मीटर चढ. दीड हजार किलो वजनाची मोटार अशा उतारावर उभी असता सुमारे २९४ किलो वजनाइतक्या जोराने खाली ओढली जाते. हा जोर तासन् तास, कोणी जवळ नसताना पेलावा लागतो. म्हणूनच ब्रेक एकदा लागला की तो निव्वळ यांत्रिक साधनानेच धरून ठेवला पाहिजे, असाही दंडक आहे.

कारखान्यात बसविलेला विजेचा ब्रेक हा दंडक पाळतो. एका प्रकारात छोटी मोटर जुनीच केबल ओढते. दुसऱ्या प्रकारात ती मागच्या चाकांच्या कॅलिपरवरच बसविलेली असते आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने स्क्रू फिरवून ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबते. स्क्रूचे आटे असे असतात की वीज बंद झाली तरी ते उलटे फिरत नाहीत. वीज लागते ती ब्रेक लावताना आणि सोडताना. धरून ठेवताना नव्हे. परंतु खरी करामत मोटरमध्ये नसून तिच्यावर देखरेख करणाऱ्या नियंत्रकात आहे. विजेचा प्रवाह किती वाढला यावरून तो दाबाचा अंदाज घेतो. तापलेली डिस्क निवताना आकुंचन पावते व पकड सैल होते, म्हणून अनेक गाड्यांत तो काही वेळाने ब्रेक पुन्हा आवळतो. गाडी वेगात असता कोणी कळ दाबली, तर मागची चाके एकदम जखडली जाऊ नयेत याचीही तो काळजी घेतो.

घरगुती जोडणीत नेमका हा भाग गाळला जाण्याचा धोका असतो. मोटर आणली, बॅटरीपासून दोन तारा ओढल्या, उलटसुलट फिरविणारा स्विच बसविला की काम झाले, असे मानले जाते. मग शेजारी बसलेल्या मुलाने धावत्या गाडीत तो स्विच दाबला तर काय, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. बॅटरी उतरल्यावर ब्रेक सोडवायचा कसा, याचाही विचार अनेकदा केलेला नसतो.

मोठ्या कारखान्यांच्याही हातून येथे चुका होतात. अमेरिकेत २०२३ साली फोर्ड कंपनीला एफ-१५० जातीच्या ८ लाख ७० हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मागच्या आसाजवळ तारा घासल्या जाऊन विजेचा ब्रेक आपोआप लागण्याचा संभव होता. उलट २०१६ साली टोयोटाने जगभरातील सुमारे ३ लाख ४० हजार प्रियस मोटारी परत बोलावल्या, त्या साध्या केबलच्या दोषामुळे. तेव्हा जुने ते भरवशाचे आणि नवे ते घातक, असा सोपा निवाडा करता येत नाही. मात्र कारखान्याचा दोष नोंदला जातो, जाहीर होतो आणि दुरुस्त होतो. गल्लीतील गॅरेजमधल्या जोडणीचा दोष अपघात झाल्यावरच कळतो.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. परंतु नोंदणी प्रमाणपत्रात रंग, इंधन, आसनसंख्या यांचा उल्लेख असतो; ब्रेकच्या रचनेचा नसतो. परिणामी प्रामाणिक मालक संभ्रमात पडतो आणि बेफिकीर मालक कोणालाही न विचारता काम उरकून घेतो.

ब्रिटनने निराळी वाट धरली आहे. हाताने बांधलेल्या वा मुळापासून बदललेल्या एकेका मोटारीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत तेथे आहे. प्रवासी मोटारींसाठी तिचे सध्याचे स्वरूप २००९ पासूनचे आहे. जर्मनीतही अधिकृत तज्ज्ञाने फेरबदल तपासून कागदोपत्री नोंदविण्याची रीत रूढ आहे. या देशांनी नियम सैल केले, असे म्हणता येणार नाही. बंदीऐवजी त्यांनी परीक्षेवर भर दिला आहे.

अशी व्यवस्था येथे आणली तर परिवहन कार्यालयांत लाचलुचपतीला आणखी एक खिडकी उघडेल, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु उतारावर गाडी ठरलेला वेळ उभी राहते की नाही, ही परीक्षा शिफारशीवर उत्तीर्ण होता येईल अशी नाही. तिचे माप उघड आणि सर्वांसमक्ष घेता येते. पुण्यात १९६६ पासून वाहन संशोधन संस्था आहे, तपासणीचे शास्त्र आहे. २०१९ च्या दुरुस्तीने फेरबदलांच्या मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकारही केंद्र सरकारला दिला आहे. त्या अधिकाराचा उपयोग करून प्रथम अपंग आणि वृद्ध चालकांसाठी ब्रेकच्या फेरबदलांची सुस्पष्ट कसोटी ठरवावी. बंदीचा कागद उतारावरची गाडी थोपवू शकत नाही. नीट बसविलेला आणि नीट तपासलेला ब्रेकच ती थोपवतो.