पिंप कापण्यापूर्वी

सुरतेस थंडी पडू लागली म्हणजे पोंक विकावयास येतो. ज्वारीची कोवळी कणसे निखाऱ्यांत भाजून काढलेले ते हिरवे दाणे सुरतकर मोठ्या आवडीने खातात. तिकडे वलसाडच्या बाजूस मडक्यात कंदमुळे कोंडून उंबाडियुं करतात. तेव्हा उधना येथे नोकरीस असलेल्या आपल्याकडील एका तरुणाने, नाताळच्या जेवणासाठी धुरावर मांस शिजविण्याची लोखंडी भट्टी घरीच करावयाचे मनात आणले, ह्याचे आम्हांस नवल वाटले नाही.

आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा अंगणात भंगारातून आणलेले २०० लिटरचे पिंप होते आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेला ग्राइंडर होता. "फादर, अर्ध्या तासाचे काम. ह्याने कापू की हॅक्सॉने, एवढेच आपण सांगा." त्याने बूच उघडले मात्र, थिनरसारखा उग्र वास सुटला. आम्ही म्हणालो, "बाळा, हत्याराचे मागाहून पाहू. ह्यात आधी काय होते?" ते त्यास ठाऊक नव्हते, विकणाऱ्यासही नव्हते.

वाचकहो, खरा धोका येथेच आहे. रिकामे पिंप भरलेल्या पिंपाहूनही घातक ठरू शकते. कारण तळाशी उरलेल्या थोड्याशा द्रवाची वाफ आतील हवेत मिसळते, आणि ग्राइंडरची ठिणगी किंवा गॅसची ज्योत लागताच ते मिश्रण स्फोटासारखे पेट घेते. एकदा पाण्याने विसळून भागत नाही. कडांच्या दुमडीत द्रव दडून राहतो व पत्रा तापला की पुन्हा वाफ होते. थंड असता सहज न पेटणारे डिझेलही असेच दगा देते. शिवाय सुरत हे कापड रंगविण्याचे शहर. येथील पिंपांत कोणते रसायन होते हे कोणी सांगावे? अशा पिंपात शिजलेले अन्न मुलांच्या ताटात वाढू नये.

म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की नवा काळा पत्रा घ्यावा. हजिऱ्याचा पोलादाचा कारखाना जवळ असलेल्या ह्या शहरात पत्र्याची वाण नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टाळावा. तो गॅसने कापताना वा वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. सरळ तुकडे दुकानातील कातरयंत्रावरच मापाने कापून घ्यावेत. निम्मे काम तेथेच उरकते.

उरलेल्या कामास जाडीप्रमाणे हत्यार निवडावे. सुमारे १ मिलिमीटरपर्यंतचा पत्रा हातकात्रीने कापतो. अँगल, नळी व सळई ह्यांस हॅक्सॉ उत्तम. त्याच्या पात्याचे दाते पुढच्या दिशेस असावेत व जोर पुढे ढकलतानाच द्यावा. जाड लोखंडास इंचाला १८ दात्यांचे पाते, अँगलला २४ चे, पातळ नळीस ३२ चे; निदान तीन दाते एकाच वेळी धातूवर टेकले पाहिजेत, नाहीतर ते मोडतात. परंतु हॅक्सॉची चौकट आड येत असल्यामुळे पत्र्याच्या मध्यभागी दार कापता येत नाही. तेथे ग्राइंडर लागतो. गॅसची ज्योत जाड पाटास ठीक. पातळ पत्रा तिने वाकडा होतो.

ग्राइंडरची चार इंची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते. तेव्हा तिचा गार्ड कधीही काढू नये, मोठी चकती किंवा लाकडाचे पाते त्यात बसवू नये, आणि चकतीवर छापलेली मुदत व वेग पाहूनच ती लावावी. डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हात यंत्रावर, सैल कपडे नकोत. ठिणग्या पडतील तेथे सूत, कापड व मुले नकोत. कापाची रेघ सरळ ठेवावी. चकती वळवू गेल्यास ती फुटते.

आणखी एक युक्ती. दाराची बिजागरीकडील बाजू आधी कापून बिजागऱ्या बसवाव्यात आणि मग उरलेल्या बाजू कापाव्यात; म्हणजे दार जागचे हलत नाही. धारदार कडा कानशीने घासाव्यात. पहिल्या खेपेस भट्टी रिकामीच तासभर चांगली तापवावी, म्हणजे पत्र्यावरचे तेल जळून जाते.

त्या तरुणाने पिंप परत केले. अर्ध्या तासाच्या कामास दोन शनिवार लागले. पण नाताळच्या रात्री त्याची आई निर्धास्तपणे त्या भट्टीजवळ बसली होती. आपल्या गावीही पाणी साठविण्यास वा गुरांच्या दाणीस जुनी पिंपे कापण्याची रीत आहे. ह्यापुढे घरातील मुलगा पिंपाजवळ हत्यार घेऊन उभा राहिला, तर वडीलधाऱ्यांनी आधी एवढेच विचारावे, "ह्यात काय होते?" आणि उत्तर मिळाले नाही, तर हत्यार खाली ठेवावयास सांगावे.