जाहिराती सरकारच्या, हिशोब कुणाकडेच नाही

एक साधा प्रश्न. गेल्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात आरोग्यसेवकाच्या किती जागांची जाहिरात निघाली? किती वेळा मुदत वाढली? किती जागा प्रत्यक्ष भरल्या? बसा शोधायला. दिवस जाईल, आकडा मिळणार नाही.

कारण माहिती लपवलेली नाहीये, पसरवून ठेवलीये. राज्यात ३४ जिल्हा परिषदा, शिवाय महापालिका, नगरपालिका, मंडळं, महामंडळं. प्रत्येकाची वेबसाइट वेगळी. तिथे बऱ्याचदा तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे शब्द टाकून शोधायची सोयच नाही. कुठे जुन्या फॉन्टमधला मजकूर, कॉपी केला की नुसती खिचडी. शुद्धिपत्रक तिसऱ्याच कोपऱ्यात.

याची किंमत कोण मोजतं? मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या भरतीची जाहिरात आली. पोरांनी फी भरली, वाट पाहिली. २०२२ मध्ये ती भरती रद्द झाली आणि २०२३ ला पुन्हा नवी जाहिरात, पुन्हा फी. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या गटाला १००० आणि राखीव गटाला ९०० रुपये फी होती. असे चार अर्ज म्हणजे चार हजारांच्या घरात खर्च. अभ्यासिका, खोली, मेस वेगळीच. मग निवडणूक आली की 'मेगाभरती'चे फलक लागतात आणि जुन्याच जागा नव्यानं मोजल्या तरी पकडायला आपल्या हातात पुरावा नसतो.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ वाचा. नोंदी सूचीबद्ध ठेवा, संगणकावर आणा, लोकांना सहज मिळतील असं करा, हे त्यात लिहिलंय. अर्ज न करता.

सरकार करेपर्यंत थांबायचं कशाला? एक छोटा प्रोग्राम रोज रात्री या वेबसाइटवर जाऊन नवी जाहिरात उतरवून घेईल, स्कॅनमधली अक्षरं वाचेल आणि तक्त्यात टाकेल: पद, विभाग, जिल्हा, जागा, आरक्षणनिहाय विभागणी, फी, शेवटची तारीख, शुद्धिपत्रक. मूळ पीडीएफ शेजारी जपून ठेवायची. मराठी स्कॅन वाचताना मशीन चुकतं, ३ चा ८ करतं, म्हणून आकडे माणसानं तपासायचे. आणि मूळ जाहिरातीला जाहिरात क्रमांकानं शुद्धिपत्रक जोडायचं, नाहीतर एकच जागा दोनदा मोजली जाईल.

काहीजण म्हणतील, टेलिग्राम चॅनल आहेत की! आहेत. ते आजची जाहिरात सांगतात, कालची विसरतात. त्यांना क्लिक हवेत, आपल्याला हिशोब हवाय. काही म्हणतील, सरकारी सर्व्हर बसेल. रात्री, सावकाश, एकेक पान घेतलं तर काही बसत नाही. अर्ज भरताना बसतो, तेव्हा कुणी विचारत नाही! आणि उमेदवारांच्या नावांच्या याद्यांना हातच लावायचा नाही. फक्त जाहिराती.

सुरुवात आपल्या एका जिल्ह्यापासून करू. कॉम्प्युटरची पोरं कोड लिहितील, अभ्यासिकेतली पोरं आकडे तपासतील. जुन्या जाहिरातींच्या पीडीएफ तुमच्या मोबाइलमध्ये पडून असतील, त्या डिलीट करू नका, पाठवा.

पुढच्या वेळी कुणी मंचावरून 'इतक्या हजार जागा भरल्या' म्हणालं, तर टाळ्या वाजवण्याआधी तक्ता उघडून बघता आला पाहिजे. कोण येतंय? खाली जिल्हा लिहा.