खुर्ची तुमची रिकामी, अंधार आमच्या घरात?

ब्लॅकआउट म्हटलं की आपल्या आई-वडिलांच्या पिढीला 1971 आठवतं. खिडक्यांना काळे कागद, सायरन, युद्ध. आपल्या हॅमिल्टन काउंटीत मात्र कुठलंही युद्ध नसताना ब्लॅकआउट व्हायचा, तोही रविवारी दुपारी. कारण? बेंगल्सच्या स्टेडियमची काही तिकिटं खपली नाहीत!

सिनसिनाटीत नव्याने आलेल्यांना हे खरं वाटत नाही, म्हणून आधी नियम सांगतो. सामना सुरू व्हायच्या 72 तास आधी सगळी तिकिटं संपली नाहीत, तर स्टेडियमपासून 75 मैलांच्या टापूत तो सामना टीव्हीवर दाखवायचा नाही. एनएफएलचा नियम. सिनसिनाटीत नाही, डेटनमध्येही नाही. 2011 च्या हंगामात बेंगल्सच्या घरच्या 8 पैकी 6 सामन्यांचं असं झालं. टीम वाईट होती म्हणावं तर तेही नाही, त्या वर्षी ती प्लेऑफला गेली होती.

आता हे स्टेडियम कोणाचं ते बघा. मार्च 1996 मध्ये काउंटीच्या मतदारांनी सेल्स टॅक्स अर्धा टक्का वाढवायला मंजुरी दिली. त्या पैशातून बेंगल्सचं आणि रेड्सचं, अशी दोन स्टेडियमं उभी राहिली. घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्समध्ये सूट देऊ असं वचन होतं, ती सूट पुढे कापली गेली. स्टेडियम फंडातली तूट भरायला काउंटीने आपलं ड्रेक रुग्णालयसुद्धा विकलं. म्हणजे मुलाचं दप्तर घेणाऱ्या, चपला घेणाऱ्या, फ्रीज घेणाऱ्या प्रत्येकाने या स्टेडियमला हातभार लावलाय. तुमचा व्हिसा कोणताही असो, दुकानातल्या बिलावर सेल्स टॅक्स सुटत नाही.

आणि ज्याने हा कर भरला, त्यालाच सांगायचं की आधी तिकीट काढ, नाहीतर सामना दाखवणार नाही. यजमानाच्याच घरात पाहुणा बसून त्याच्याच ताटातलं ओढून घेतो, तसला हा प्रकार!

शिक्षा कोणाला होत होती? ज्याने तिकीट परवडत असूनही काढलं नाही, त्याला नाही. तो बारमध्ये जाऊन दुसरा सामना बघत बसायचा. शिक्षा व्हायची ती रविवारी ड्युटी असलेल्या नर्सला, ज्यांना स्टेडियमच्या पायऱ्या चढवत नाहीत अशा आजोबांना, चार तिकिटं, पार्किंग आणि खाणं यांची बेरीज करून गप्प बसणाऱ्या कुटुंबाला. ही माणसं कितीही वाटलं तरी ती खुर्ची भरू शकत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

क्लबवाले म्हणतील, "घरी फुकट दिसलं तर मैदानावर येईल कोण?" प्रश्न अगदीच खोटा नाही. 1953 मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने घरच्या सामन्याचं स्थानिक प्रक्षेपण रोखायला परवानगी दिली, तेव्हा क्लब तिकिटांवरच जगत होते. पण तो काळ कधीच गेला. डिसेंबर 2011 मध्ये, म्हणजे आपल्याकडे पडदे काळे होते त्याच हंगामात, लीगने सीबीएस, फॉक्स आणि एनबीसी यांच्याशी नवे करार जाहीर केले. वर्षाला सरासरी सुमारे 3 अब्ज डॉलर! ईएसपीएनचे पैसे वेगळेच. प्रेक्षक टीव्हीवर बघतो म्हणून अब्जावधी घ्यायचे, आणि त्याच प्रेक्षकाचा टीव्ही बंद करायचा. कुठल्या हिशोबात बसतं हे?

खुर्च्या भरण्याच्या नावाखाली काय काय चाललं तेही बघा. जॅक्सनव्हिलच्या क्लबने 2005 मध्ये जवळपास 10 हजार खुर्च्यांवर ताडपत्री घातली. खुर्च्याच मोजणीतून गेल्या की स्टेडियम 'हाउसफुल'! जानेवारी 2014 मध्ये तर सिनसिनाटी, ग्रीन बे आणि इंडियानापोलिस या तीन शहरांत प्लेऑफचे सामने ब्लॅकआउटच्या तोंडाशी आले. मग मुदती वाढवल्या, उरलेली तिकिटं उचलायला कंपन्या पुढे आल्या, आणि नियम पाळल्यासारखा झाला. ज्या नियमाला ताडपत्री आणि मुदतवाढ पुरते, तो नियम नाही, ती नुसती धमकी आहे.

ही धमकी हलली कशी, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1972 च्या डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या टीमचे प्लेऑफचे सामने वॉशिंग्टनमध्येच दिसले नाहीत. तेव्हा घरचा सामना तिकिटं संपली तरी दाखवत नसत. निक्सन स्वतः त्या टीमचे चाहते. त्यांच्या ॲटर्नी जनरलनी लीगला विनंती केली, लीगने ती धुडकावली. झालं! सप्टेंबर 1973 मध्ये कायदा आला की 72 तास आधी तिकिटं संपली असतील तर सामना दाखवावाच लागेल. सामान्य माणूस वर्षानुवर्षं ओरडत होता तेव्हा काही झालं नाही. खासदारांच्या दिवाणखान्यात अंधार झाला तेव्हा मात्र लगेच उजेड पडला. तो कायदाही 1975 च्या शेवटी संपला आणि पुढे ती अट लीगच्या मर्जीवर चालत राहिली.

त्याच 1975 मध्ये सरकारी फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने लीगला कुबडी दिली. स्थानिक स्टेशनवर बंद असलेला सामना केबलवाल्यानेही दाखवायचा नाही, असा नियम केला. पुढे सॅटेलाइटलाही तो लागू झाला. खासगी धंद्याच्या तिकीटविक्रीची राखण सरकार करतंय! 30 सप्टेंबर 2014 रोजी कमिशनच्या पाचही सदस्यांनी एकमताने हा नियम काढून टाकला. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एका बाजूला आले, यावरूनच समजा की त्या नियमाच्या बाजूने बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

2015 मध्ये मालकांनी आपलाही नियम बाजूला ठेवला. पण शब्द नीट वाचा. त्यांनी तो 'रद्द' केला नाही, एका हंगामापुरता 'स्थगित' केला, आणि पुढच्या वर्षी ती स्थगिती वाढवली. तलवार म्यानात गेली, मोडली नाही. तेव्हापासून टीव्ही चालू आहेत आणि मैदानं काही ओस पडलेली नाहीत. 'येईल कोण' या प्रश्नाचं उत्तर मिळालंय.

भारतात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. 2007 च्या कायद्याने तर राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यावेच लागतात. त्या व्यवस्थेत दोष नाहीत असं नाही, पण तिची दिशा बघा: ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्यापर्यंत सामना पोचवा. इथे उलटी गंगा. 1961 च्या कायद्याने सगळ्या क्लबना एकत्र येऊन टीव्हीचे हक्क विकायची सूट दिली, इतर धंद्यांना जी मक्तेदारी म्हणून नडली असती. सूट जनतेकडून, स्टेडियम जनतेकडून, आणि रिमोट मात्र मालकाच्या हातात!

म्हणून आता मुद्द्याचं. 2025 मध्ये आपल्या काउंटीने पुन्हा तिजोरी उघडली. स्टेडियमच्या दुरुस्तीचा खर्च 470 दशलक्ष डॉलर, त्यातले 350 दशलक्ष काउंटीचे. करार 2036 पर्यंत, पुढे मुदतवाढीची सोय. म्हणजे पुन्हा टेबलाशी बसायची वेळ येणारच आहे. तेव्हा आपली मागणी एका ओळीची असावी: जनतेचा एक डॉलर जरी घेतलात, तरी तिकिटं खपली नाहीत म्हणून इथला सामना इथल्या टीव्हीवर बंद करता येणार नाही. लेखी. करारात. 'सध्या स्थगित आहे' हे उत्तर चालणार नाही.

काउंटी कमिशनर तिघं आहेत, त्यांच्या बैठका जाहीर असतात, तिथे कोणालाही बोलता येतं. आपण गणपतीच्या हॉलसाठी दहा ईमेल करतो, यासाठी एक करा. तिकिटं खपवणं मालकाचं काम आहे. दर उतरवा, टीम चांगली उभी करा, लोक आपोआप येतील. ते जमत नसेल तर त्याचा राग आमच्या टीव्हीवर काढू नका.